राडारोड्याची अनामत

आमच्या सोसायटीच्या फलकावर परवा एक नोटीस लागली. तीत माझ्या सदनिकेचा क्रमांक असून, विनापरवाना तोडफोडीचे काम तत्काळ थांबवावे आणि राडारोडा उचलण्यापोटी अनामत रक्कम भरावी, असा आदेश आहे. तोडफोड म्हणजे मी गेले तीन रविवार दुपारी वाजवत असलेला ड्रमसेट. माझ्या वादनाविषयी मतभेद असू शकतात हे मला मान्य आहे, परंतु त्यातून विटांचे तुकडे पडतात असे आजवर कोणी म्हटले नव्हते.

मला फक्त घरच्या घरी, खिशाला झेपेल अशा खर्चात एक गाणे ध्वनिमुद्रित करायचे होते. स्टुडिओत ड्रमसेटभोवती आठ-दहा माइक सहज असतात. माझ्या इंटरफेसला, म्हणजे माइक संगणकाला जोडणाऱ्या डबीला, दोनच माइक जोडता येतात. ते मी डोक्यावर टांगले आणि स्नेअरच्या, म्हणजे वादकाच्या समोरच्या चपट्या ड्रमच्या, मध्यापासून दोन्हींचे अंतर पायजम्याच्या नाडीने मोजून समान केले, कारण आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो आणि एका माइकला तो तेवढा उशिरा पोहोचला, तर दोन्ही एकत्र ऐकताना स्नेअर पोकळ वाजतो. भिंतींना गाद्या उभ्या केल्या. किकच्या, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या, पोटात आईची गोधडी कोंबली. (आईला अजून वाटते की ती धुवायला दिली आहे.) एवढे करूनही किक काही केल्या भरीव येईना, ओल्या पोत्यावर लाथ मारल्यासारखी ती ऐकू येई.

तिसऱ्या रविवारी, एकही चूक न होता गाणे शेवटच्या कडव्यापर्यंत आलेले असताना, दाराची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरचे काका होते.

"थांबलास का?" त्यांनी विचारले.

"आपण घंटा वाजवलीत म्हणून."

"तसे नव्हे. तू दर तीन मिनिटांनी थांबतोस. वाजत असताना मला उत्तम झोप लागते. थांबलास की दचकून जाग येते. वाजवायचे तर सलग वाजव." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "आणि ती मधली एक जागा आहे ना, धुम्-धुम्-ध... तिथे तू नेहमी अडखळतोस. आता ती जागा जवळ आली की मीच श्वास रोखून धरतो."

"झोपेत?"

"झोपेतसुद्धा!"

मला खाली बसवून त्यांनी माझ्या मुलाला वर पाठवले आणि किक वाजवायला सांगितली. काकांच्या शयनगृहात, पंख्याच्या कडीपाशी, मला हवी असलेली किक उतरत होती. गोल, जड आणि छातीत बसणारी. मी मित्राकडून उसना आणलेला छोटा रेकॉर्डर त्यांच्या कपाटावर ठेवण्याची परवानगी मागितली. "ठेव की, मी मध्ये बोलणारसुद्धा नाही," असे ते म्हणाले.

नोटीस त्यानंतर दोन दिवसांनी लागली. ड्रमसेटचा आवाज शंभर डेसिबलच्या पुढे जातो आणि २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, त्यामुळे कायद्याच्या बाजूने मला तोंड नाही. पण तिसऱ्या मजल्यावर आठ महिने फरशी कापण्याचे यंत्र चालले, तेव्हा फलकावर एक ओळ लागली नाही. चौकशी केल्यावर सचिवांनी शांतपणे सांगितले की तिसऱ्या मजल्यावाल्यांनी अनामत भरली होती. गणपतीत याच फाटकासमोर स्पीकरची भिंत उभी राहते आणि काचा थरथरतात, तेव्हा समितीचे सगळे सदस्य तिच्यापुढे नाचत असतात. असो, म्हणजे खरे तर असो वगैरे काही नाही.

काल रात्री मी काकांच्या कपाटावरचे ध्वनिमुद्रण वरच्या दोन माइकांशी जुळवत बसलो. किक अप्रतिम आली आहे. तिच्यामागे काका फोनवर कोणाला तरी सांगत आहेत, "हो सचिवसाहेब, अजून फोडतोच आहे. पण आज त्या जागी अडखळला नाही बरं का." यातला एकेक शब्द किकच्या ठोक्यांना असा चिकटला आहे की तो कापून काढता येत नाही.