मिस्त्रीसमोर न वाजणारी गाडी

निफाडचा पारा उतरला की पेपरात बातमी येते, द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या करतात आणि अख्खा महाराष्ट्र द्राक्षांच्या काळजीत पडतो. तिथून हाकेच्या अंतरावर, नाशिकच्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझी गाडी रात्रभर कुडकुडत उभी असते. तिची काळजी मात्र कोणाला नाही.

दिवाळी संपली आणि गाडीने रोज सकाळी सेल मारल्या मारल्या टकटक सुरू केली. कशी? तर थकलेलं भाडं वसूल करायला आलेला घरमालक दार ठोठावतो तशी. चार-पाच सेकंद आख्खं पार्किंग दणाणायचं, आणि मग काही झालंच नाही अशा थाटात इंजिन गुणगुणायला लागायचं.

एवढ्या चार-पाच सेकंदांवर किती लोकांची मतं बनू शकतात, याची मला कल्पना नव्हती. दुसऱ्या मजल्यावरचे काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांनी गॅलरीतूनच निकाल दिला, "कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं. इंजिन उतरवावं लागणार." 'उतरवावं' म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते मी त्यांच्या नातवाच्या बारशालाही पाहिलं नव्हतं. वॉचमनदादाचं म्हणणं, "साहेब, मांजर असंल. थंडीचं बोनेटमध्ये शिरतंय." तेव्हापासून मी रोज गाडी सुरू करण्याआधी बोनेटवर थापा मारू लागलो. म्हणजे आता टकटक दोनदा. एकदा माझी, एकदा गाडीची.

ऑफिसात तर सगळ्याचं खापर पेट्रोलमधल्या इथेनॉलवर. हल्ली डोकं दुखलं तरी लोक इथेनॉलचं नाव घेतात. खरं तर इथेनॉलने पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे अवेळी न पेटण्याची ताकद, वाढतो. आणि पेट्रोल अवेळी पेटून होणारी टकटक, म्हणजे नॉकिंग, वाजायचंच तर कसारा घाटात चौथ्या गिअरमध्ये गाडी रेटताना वाजेल, पार्किंगमध्ये नुसत्या उभ्या इंजिनात नाही. ही सगळी विद्या मी रात्री जागून व्हिडिओ बघून मिळवली. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. थंडीत अ‍ॅल्युमिनियम जास्त आक्रसतं, मग पिस्टन सैल होऊन भिंतींवर आपटतो, हेही त्यातच कळलं. पण तो आवाज इंजिन तापेपर्यंत चांगला दोन-चार मिनिटं टिकतो. आमचं प्रकरण त्याआधीच मिटायचं.

आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करावा म्हटलं, तर त्यात समोरच्यांच्या कुकरची शिट्टी, दूधवाल्याची मोटारसायकल आणि "अहो, स्वेटर घाला!" एवढं स्वच्छ आलं. टकटक मात्र मोबाइलने गोंगाट समजून गाळून टाकली.

शेवटी मुंबई नाक्याकडच्या मिस्त्रीकडे गेलो. गाडी तिथवर चालवत नेलेली, म्हणजे चांगली तापलेली. त्याने सेल मारला. गाडी अशी शांत, जणू तीच मला गॅरेजमध्ये दाखवायला घेऊन आली होती.

"काय वाजतंय शेठ?"

मी भर गॅरेजमध्ये तोंडाने टकटक करून दाखवली. दोन पोरं हातातले पाने टाकून ऐकायला आली.

"रात्री इथंच सोडा. सकाळी मी येईस्तोवर कोणी हात लावायचा नाही."

सकाळी कुडकुडत पोचलो, तर झाडलोट करणाऱ्या पोराने गाडी नुकतीच सुरू करून बाजूला लावलेली. "वाजली का रे?" मिस्त्रीने विचारलं. "लय वाजली!" पोरगं खुशीत. एक दिवस पाण्यात.

दुसऱ्या सकाळी मिस्त्रीने लांब स्क्रू ड्रायव्हर काढला. टोक इंजिनच्या वरच्या झाकणावर, मूठ स्वतःच्या कानाला, डोळे मिटलेले. मला म्हणाला, "मारा सेल, पण नजर लाल दिव्यावर. ऑईलच्या." मी सेल मारला. टकटक सुरू. ऑईलचा दाब आला की हा दिवा विझतो. आज त्याला नेहमीपेक्षा जरा वेळ लागला, आणि तो विझला तशी टकटकही गेली. इतके दिवस सगळे बोनेटकडे बघत होते. डॅशबोर्डकडे कोणी बघितलंच नव्हतं.

"वरून येतंय. टापेट," मिस्त्री म्हणाला. टापेट म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातले, झडपा उघडायला लावणारे छोटे पुर्जे. माझा जीव भांड्यात पडला. इंजिनात वरचा आवाज बहुधा थोडक्यात आटपतो, खालचा, म्हणजे काकांच्या बेअरिंगचा, महागात पडतो.

मग त्याने ऑईल फिल्टर काढून दाखवला. मागच्या सर्व्हिसिंगला कोणीतरी बसवलेला स्वस्तातला माल. फिल्टरच्या आत रबराची एक चकती असते. इंजिन बंद झालं की ती फिल्टरमधलं ऑईल परत खाली जाऊ देत नाही. ह्यातली चकती कडक होऊन वाकडी झालेली. त्यामुळे रात्रीतून फिल्टर रिकामा, आणि सकाळी पंपाने आधी तो भरायचा, मग ऑईल वर टापेटपर्यंत. तोवर टापेट कोरडेच बडवून घेणार. त्यात ऑईल भरलेलं 20डब्ल्यू-50. पुस्तिकेत छापलंय 5डब्ल्यू-30. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं थंडीत ऑईल पातळ राहतं आणि पटकन पोचतं.

फिल्टर बदलला, ऑईल बदललं. बिलात फिल्टर, ऑईल, मजुरी आणि शेवटच्या ओळीत 'ऐकणावळ रु. 200'. मी घासाघीस न करता दिले.

संध्याकाळी काकांना हा किस्सा सांगितला. बेअरिंग शाबूत आहे याचं त्यांना वाईट वाटलंच, पण ऐकणावळ ऐकून ते ताठ बसले. म्हणाले, "मग आमचा हिशेब कधी करताय? आम्ही दिवाळीपासून ऐकतोय."