सौरऊर्जा असताना कपॅसिटर कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

फीडरवरील (उपकेंद्रातून ग्राहकांपर्यंत वीज नेणाऱ्या वाहिनीवरील) कपॅसिटर आणि छतावरच्या सौर पॅनेलसारखी विकेंद्रित वीजनिर्मिती यांचा विचार एकत्रच व्हावा, या माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. सौर पॅनेल कोणत्या छतावर बसणार हे वीज कंपनी नव्हे, तर ग्राहक ठरवतो, त्यामुळे सर्वोत्तम जागा शोधणे हा कागदी खेळ आहे, हा पहिला. आणि सौरऊर्जेमुळे प्रवाह आपोआप घटत असल्याने कपॅसिटरवरचा खर्च वाया जातो, हा दुसरा.

दुसरा आधी घेतो, कारण तिथे आकडेच बोलतात. 22 केव्हीच्या फीडरवर सगळा भार टोकाला आहे असे सोयीसाठी धरू आणि मागणी 4 मेगावॅट व 3 एमव्हीएआर मानू. मेगावॅट ही प्रत्यक्ष काम करणारी वीज; एमव्हीएआर हे रिअॅक्टिव्ह पॉवरचे माप. ती मोटरींच्या चुंबकीय क्षेत्रासाठी लागते, स्वतः काम करत नाही, पण तारांतला प्रवाह वाढवते; कपॅसिटर तीच जागेवर पुरवतो. म्हणजे दोन्ही मिळून (वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ) 5 एमव्हीए, आणि पॉवर फॅक्टर, म्हणजे त्यातले कामाच्या विजेचे प्रमाण, 0.8. तारांतला तोटा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून तो 25 एकक म्हणू. टोकालाच 2 मेगावॅट सौरऊर्जा मिळाली की तोटा 13 वर येतो. इथवर आपले म्हणणे बरोबर आहे. पण सौर पॅनेलची वीज वाहिनीला जोडणारा इन्व्हर्टर युनिटी पॉवर फॅक्टरवर (म्हणजे फक्त मेगावॅट देत, एमव्हीएआर न देता) चालत असेल, तर ते 3 एमव्हीएआर उपकेंद्रातूनच येत राहतात आणि उरलेल्या 13 पैकी 9 एकक त्यांच्यापायी जातात. (उपकेंद्रातला पॉवर फॅक्टर तर 0.55 वर घसरलेला दिसतो, आणि तो पाहून सौरऊर्जेलाच दोष देणारेही भेटतात.) 2 एमव्हीएआरची बँक (कपॅसिटरांचा संच) टोकाला जोडताच तोटा 5 एकक होतो. सूर्य मावळल्यावर मागणी तेवढीच राहिली, तर 25 चे 17 करणारी तीच बँक असते.

मात्र मध्यरात्री मागणी अर्ध्या एमव्हीएआरवर उतरली आणि बँक जोडलेलीच राहिली, तर दीड एमव्हीएआर उलट उपकेंद्राकडे वाहतात आणि व्होल्टेज चढते. म्हणून किमान मागणीपुरतीच बँक कायम जोडलेली ठेवून बाकीची स्विचवर ठेवावी लागते.

पहिल्या आक्षेपातली वस्तुस्थिती मला मान्य आहे, निष्कर्ष नाही. छते आपल्या हातात नाहीत, म्हणूनच तर ती गृहीत धरून कपॅसिटरची जागा ठरवायची. उपकेंद्रापासून फीडरच्या दोन तृतीयांश अंतरावर बँक बसवण्याचा जुना नियम भार सारखा पसरलेला असेल तरच लागू पडतो, आणि नवी मुंबईतल्या रबाळे-महापे औद्योगिक पट्ट्यात तो तसा नाही. शिवाय उच्चदाब ग्राहकांना एप्रिल 2020 पासून केव्हीएएचवर (रिअॅक्टिव्ह पॉवरही धरणाऱ्या एककावर) बिल येत असल्याने कारखान्यांना स्वतःचा पॉवर फॅक्टर सांभाळणे परवडते. शेजारच्या ऐरोली-घणसोलीच्या निवासी सेक्टरांतल्या घरगुती ग्राहकाला मात्र एसी आणि पंप ओढत असलेल्या रिअॅक्टिव्ह पॉवरचे बिलच येत नाही. तो भार शेवटी वीज कंपनीच्याच अंगावर पडतो.

आपण एक अधिक अवघड आक्षेप घेऊ शकला असता: 100 केव्हीएचा इन्व्हर्टर 90 किलोवॅट देत असतानाही सुमारे 44 केव्हीएआर पुरवू शकतो, मग वेगळी बँक कशाला? दुपारपुरता तो मला मान्य आहे, आणि तेवढ्या प्रमाणात बँक लहान करता येईल. पण सूर्यास्तानंतर बरेच इन्व्हर्टर बंद होतात, आणि निवासी फीडरवर एसींचा जोर तेव्हाच वाढतो.