नळाची धार
समाजवादी नेत्या मृणाल गोरे यांच्यावरील एक लेख नुकताच वाचला. त्यात महागाईविरोधी लाटणे मोर्चाचे वर्णन सविस्तर आले असले, तरी गोरेगावात त्यांना ‘पाणीवाली बाई’ हे नाव पाणी मिळवून देण्याच्या ज्या कामामुळे मिळाले, ते एका वाक्यात उरकल्याची चुटपुट लागली. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून राष्ट्र सेवा दलात आलेल्या आणि १९६१ मध्ये मुंबई महापालिकेवर निवडून गेलेल्या मृणालताईंसाठी नळाखाली रांगेने मांडलेले हंडे, कळशा आणि डालड्याचे रिकामे डबे हाच राजकारणाचा खरा विषय होता. १९७७ मध्ये त्या लोकसभेवर गेल्या आणि इंदिरा गांधी हरल्या, तेव्हा ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा गाजली. चुरचुरीत होती खरी, पण माझ्या आईला तिच्यापेक्षा पहाटे नळाला आलेली धार अधिक लक्षात राहिली.