गॅस संपतो म्हणे!

"गॅस संपलाय साहेब, भरावा लागेल."

तीन दिवस. फक्त तीन दिवस झाले एसी बसवून, आणि गॅस संपला? अरे, तो काय पेट्रोल आहे का जळून संपायला? बंद पाइपात गोल गोल फिरतो तो. संपत नाही, गळतो! आणि गळतो तो तुझ्याच सांध्यातून!

बाहेरच्या युनिटवर बारीक पाइपाला पांढराशुभ्र बर्फ धरलेला, आत गार वाऱ्याचा पत्ता नाही, आणि एसी बसवणारा हा माणूस सिलिंडर घेऊन तयार. आधी साबणाचं पाणी लाव म्हटलं. लावलं. पाव इंची नटाच्या बुडाशी फुगा आला. टम्म फुगला, फुटला, लगेच दुसरा. "थोडंसंच आहे," म्हणतो!

नट उघडला तर फ्लेअर, म्हणजे पाइपाचं कर्ण्यासारखं पसरवलेलं तोंड, एका बाजूला रुंद, एका बाजूला नावापुरता. कापलेल्या कडेची धार तशीच. ती घासायचा रीमर कुठाय? "लागत नाही." नट मापात आवळायचा टॉर्क रेंच? "हाताला कळतं." कळतं ना, दिसलं की! मग नवीन फ्लेअर केला, छान केला, आणि नट टेबलावर. पाइपात आधी घालायचाच विसरला. परत काप, परत फ्लेअर. आता पाइप इतका तोकडा झालाय की युनिट भिंतीकडे सरकवायचं म्हणतोय.

पाइपातली हवा आणि ओलावा ओढून काढणाऱ्या व्हॅक्यूम पंपाचं तर नावच काढू नका. पहिल्या दिवशी ॲलन की फिरवली, सुस्स् करून थोडा गॅस सोडला, "हवा निघाली" म्हणून मोकळा. आर ३२ आहे हो आत, पेट घेऊ शकणारा गॅस! आणि पाइपातला ओलावा काय सुस्स् ऐकून घाबरून पळतो? तो राहतो तिथेच, तेलात मुरतो, ॲसिड होतं, कंप्रेसरची वाट लागते. ती लागेपर्यंत वॉरंटी संपलेली असते, हा योगायोग.

हीच जात सगळी. वॉशिंग मशिनवाल्याने वाहतुकीचे बोल्ट न काढताच मशिन चालू करून दिलं होतं. पहिल्याच स्पिनला ते घरभर फिरलं. गीझरवाला उरलेले दोन स्क्रू हातात देऊन "एक्स्ट्रा आलेत" म्हणाला होता. आणि सगळ्यांचा एकच मंत्र: काही होत नाही साहेब. मला या वाक्याने अंगावर काटा येतो.

तर माझा आवाज असा टिपेला पोचलेला असताना आतलं युनिट डाव्या कोपऱ्यातून ठिबकायला लागलं. झालंच, म्हटलं, पाणी जायचा ड्रेनसुद्धा वाकडा! त्याने काही न बोलता स्टूलवर चढून युनिटवर स्पिरिट लेव्हल ठेवली. बुडबुडा पार उजव्या टोकाला. ड्रेनचं तोंडही उजवीकडेच. म्हणजे उजवी बाजू वर, आणि पाणी डावीकडे जमणार.

आणि पहिल्या दिवशी, खोलीच्या दारात उभं राहून, एक डोळा मिटून, "उजवीकडून जरा वर घ्या, तिरकं दिसतंय" असं तीनदा कोण म्हणालं होतं?

त्याने आठवण करून दिली नाही. नुसतं बघितलं.

आता युनिटखाली बादली आहे. उद्या सकाळी येतो म्हणालाय, पंप घेऊन. पंप खरंच आणला तर मी दाराशी उभा राहणार नाही, असं कबूल केलंय.