पंचगंगेत ग्रीक गलबतं? मामा, जरा थांबा

कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत जन्म गेलेल्या माझ्या मामांनी परवा घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. ब्रह्मपुरीची टेकडी म्हणजे ग्रीकांनी वसवलेलं बंदर, त्यांची गलबतं पंचगंगेतून थेट टेकडीला लागायची, आणि तिथं सापडलेली समुद्रदेव पोसायडनची मूर्ती हा त्याचा पुरावा. वर 'सरकारनं दडवलेला इतिहास'!

आधी गलबतं, कारण माझं डोकं तिथंच फिरलं. मामा, पंचगंगेत पोहायला तुम्हीच शिकवलंत. पाणी कुठं जातं? पूर्वेला. नरसोबाच्या वाडीला कृष्णेत, आणि कृष्णा बंगालच्या उपसागरात. अरबी समुद्र राहिला सह्याद्रीपलीकडं आणि आपलं गाव साडेपाचशे मीटरवर. म्हणजे गलबतानं एकतर गगनबावड्याचा घाट चढायचा, नाहीतर आंध्रातून अख्खी कृष्णा उलटी कापत यायचं. उन्हाळ्यात जिथं म्हशी निवांत डुंबतात, तिथं गलबत? काय नांगर टाकत होते की दावं बांधत होते?

मूर्ती खरी आहे, हे मात्र कबूल करायला हवं. ब्राँझची, वीतभरही उंच नाही. देव ग्रीक, पण वस्तू रोमन काळातली. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांवर रोमन माल उतरायचा आणि बैलांच्या पाठीवरून घाट चढून वर यायचा. एवढीशी मूर्ती त्यातच आली असणार. आजीच्या फडताळात चिनी मातीची बरणी होती, म्हणून आजी चीनची होत नाही.

मग राहत कोण होतं? डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये टेकडी खणली, १९५२ मध्ये अहवाल छापला. विटांची घरं, सातवाहनकालीन वस्ती. इथं सापडणाऱ्या स्थानिक 'कुर' राजांच्या शिशाच्या नाण्यांवर धनुष्यबाण आहे आणि ब्राह्मीत 'विळिवायकुर' असं नाव. ग्रीक राजाच्या नावाचं एक नाणं दाखवा, मी गप्प बसतो.

'दडवलेला' म्हणाल तर ब्रह्मपुरीच्या वस्तू मांडायलाच १९४६ मध्ये वस्तुसंग्रहालय सुरू झालं. तेच आपलं टाऊन हॉल म्युझियम. शाळेच्या सहलीत सगळ्यांनी बघितलंय, फक्त बाहेरच्या तोफांवर बसण्यात वेळ गेला.

अंबाबाईचं देऊळ ग्रीक कारागिरांनी बांधलं, हेही मेसेजात आहे. आवारातले शिलाहार राजांचे शिलालेख ग्रीकात नाहीत, एवढं पुरे.

हे सगळं मामांना फोनवर सांगितलं. 'व्हय व्हय' म्हणाले. दहा मिनिटांनी तोच मेसेज तालमीच्या ग्रुपवर.