टरफलांची पूड रोज चमचाभर? नको!

‘अंड्याची टरफलं उन्हात कडक वाळवा, कुटा, रोज चमचाभर घ्या, गुडघे दुखायचे थांबतात’ असा निरोप रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतोय. टरफलात कॅल्शियम भरपूर असतं, एवढंच त्यातलं खरं.

आपलं कोकणातलं ऊन कितीही रणरणतं असलं तरी टरफलांवर असू शकणारे, जुलाब-उलट्या करणारे साल्मोनेला जंतू त्याने मरतीलच असं नाही. टरफलं धुऊन 10 मिनिटं खळखळ उकळा, वाळवा, मिक्सरमध्ये पिठासारखी दळा आणि वस्त्रगाळ करा. कणी राहिली तर घशाला टोचते.

आणि प्रमाण! पुडीत सुमारे 38 टक्के कॅल्शियम असतं. लहान चमचाभर, म्हणजे 5 ग्रॅम पूड घेतली की 1900 मिलिग्रॅम झालं. मोठ्या माणसाची दिवसाची गरज 1000, त्यातलं काही नाचणीच्या भाकरीतून, काट्यासकट चावलेल्या मांदेलीतून मिळतंच. म्हणून पाव चमचा पुष्कळ, तोही जेवणासोबत. मुतखडा किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. थायरॉईडची गोळी आणि पूड यांत 4 तासांचं अंतर ठेवा.

गुडघ्याची झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, मात्र कॅल्शियमने भरून येत नाही. दुखणं अंगावर काढू नका, तपासून घ्या.