नरकात जाऊन कोरडे परतलो

गेल्या रविवारी बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमच्या घरी जो प्रकार घडला, तो अजून माझ्या गळ्याखाली उतरलेला नाही. जपानहून आल्यावर शेजाऱ्यांना बोलावून छायाचित्रे दाखवावीत आणि सोबत चहा व लीलो चेवडो, म्हणजे ओला चिवडा, द्यावा, एवढाच माझा माफक बेत होता. मुलाने माझा फोन टीव्हीला जोडून दिला आणि तो सटकला. पंख्याखालची खुर्ची नानांनी आधीच धरली आहे, हे पाहून मी तेव्हाच टीव्ही बंद करायला हवा होता.

नानांची चौतीस वर्षे एका रंगांच्या कारखान्यातील प्रयोगशाळेत गेली. जगातील कोणत्याही रंगीत द्रवाबद्दल शेवटचा शब्द आपलाच, अशी त्यांची समजूत असून दुसऱ्याच्या घरचे कोकम सरबतही ते पेला उजेडाकडे धरून पाहिल्याशिवाय तोंडाला लावत नाहीत.

पहिले छायाचित्र होते उमी जिगोकूचे. क्यूशू बेटावरील बेप्पू या शहरात ज्वालामुखीच्या उष्णतेने तापलेली कुंडे आहेत. जिगोकू म्हणजे नरक, आणि अशा सात नरकांची फेरी हे तिथले मोठे आकर्षण आहे. त्यांतील हा समुद्र-नरक. पाण्याचे तापमान ९८ अंश, रंग मोरपिसाच्या डोळ्यातला निळा आणि वर वाफेचे लोट. त्याच्या काठावर उभा असताना मला खरोखर काही सुचले नव्हते. नानांना मात्र लगेच सुचले. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "अरे, हे पाणी आमच्या कारखान्यामागच्या नाल्यात रोज दिसायचं. फरक एवढाच, की त्याबद्दल आम्हाला नोटीस यायची आणि हे लोक तिकीट लावतात."

खोली हसली. मीही हसलो, कारण यजमानाला हसावेच लागते.

पुढचे कुंड पांढरे होते. शिराइकेचे पाणी जमिनीतून येताना स्वच्छ असते, वर आल्यावर दाब आणि तापमान उतरले की ते दुधाळ होते, असे मी समजावून सांगितले.

"म्हणजे नासतं," नाना म्हणाले.

"नासत नाही नाना, रंग बदलतो."

"आमच्याकडे असा रंग बदलला, की अख्खा माल परत यायचा."

तिसरे चिनोइके, म्हणजे रक्तकुंड. ७८ अंशांचे हे तांबडे तळे पडद्यावर येताच नाना पुढे झुकले. मी घाईघाईने सांगितले, की हा रंग लोहाच्या ऑक्साइडने भरलेल्या चिखलाचा आहे. अमेरिकेत यलोस्टोनच्या प्रसिद्ध कुंडाच्या कडेला जे पिवळे-नारिंगी पट्टे दिसतात, ते मात्र उष्णता सोसणाऱ्या सूक्ष्मजीवांचे असतात. "म्हणजे तिकडे शेवाळ आणि इकडे गंज," नानांनी निकाल दिला. "आणि तू लाखांनी पैसे मोजून गंज बघून आलास." मग क्षणभर थांबून ते म्हणाले, "दिसते मात्र शेव-उसळीच्या तरीसारखी."

इथे माझा कार्यक्रम संपला. बडोद्यात कोणताही विषय निघाला तरी तो शेव-उसळीवर येऊन थांबतो, याचा मला विसर पडला होता. तरी कोणाची झणझणीत, कोण हल्ली तेलच जास्त ओततो, शेव वरून घालावी की पाहुण्याच्या हाती द्यावी, यावर वीस मिनिटे चर्चा झाली आणि तेवढा वेळ माझे रक्तकुंड टीव्हीवर निमूटपणे उकळत राहिले.

चर्चा संपल्यावर नाना पुन्हा माझ्याकडे वळले. "बरं, अंघोळ केलीस कुठल्या कुंडात?"

मी म्हणालो, की हे नरक फक्त पाहायचे असतात. पाय बुडवायला एक वेगळे उथळ टाके असते, त्यात मी पाय बुडवले.

"किती वेळ?"

"बारा मिनिटं. मग गाइडने झेंडा वर केला."

हे उत्तर देताना माझा स्वर उतरला, कारण ते दुःख खरे आहे. सहलीच्या पत्रकात सात नरक छापले होते, दाखवले तीन. ओनियामा या नरकाच्या गरम पाण्यावर १९२३ पासून मगरी पाळतात, त्या राहिल्या. ठरावीक वेळाने उसळणारे फवारा-कुंड राहिले. वेळ नाही म्हणे. आणि त्याच दिवशी आम्हाला चाकू विकणाऱ्या एका दुकानात दीड तास बसवले होते. मी तीन वर्षे पैसे साठवले ते चाकू बघायला नव्हे.

"गोध्र्याजवळ टुव्याला चल," नाना म्हणाले. "गरम कुंड, गार कुंड शेजारी शेजारी. मनसोक्त अंगावर घे, कोणी झेंडा दाखवत नाही."

टुव्याचे पाणी ज्वालामुखीचे नाही, ते भेगांतून खोल जाऊन तापते आणि वर येते, असे मी शक्य तितक्या शांतपणे सांगितले. "ते पाण्याला ठाऊक आहे का?" नानांनी विचारले. "आणि ज्वालामुखीच हवा असेल तर आपला पावागढ आहे की."

पावागढचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झाला, हे सांगण्यासाठी मी तोंड उघडले आणि त्या नादात बोट फोनवर घसरून पुढचे छायाचित्र आले. त्यात समुद्र-नरकाच्या उष्णतेवर उकडलेले अंडे होते, आणि ते अर्धे खाल्लेल्या अवस्थेत माझ्या हातात होते. त्या वेळी आमची ही दुकानात हातपंखे निवडत होती, त्यामुळे आपल्या घराण्यातील ही घटना तिला नानांबरोबरच कळली.

टुव्याच्या गाडीत तिने येत्या रविवारच्या दोन जागा सांगितल्या आहेत. जाताना नानांनी जिन्यातून वर तोंड करून ओरडून सांगितले, "टॉवेल आण, अंडी आणू नकोस!" आणि खालच्या मजल्यावरच्या जैन शेजाऱ्यांनी दार उघडून वर पाहिले.